ओडम सोडून कोणीही

यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या नवऱ्याच्या, ऑटोच्या, थडग्याची शपथ, माझ्या आईच्या जपमाळेची शपथ, आणि एवढ्यानेही ज्याचं समाधान होत नसेल त्याने हार्लन फोर्जला यावं, माझ्या गॅरेजमध्ये डोकवावं, जुनी गादी अजून भिंतीला टांगलेली आहे आणि तिच्या मधोमध माझी मूठ जाईल एवढं भोक आहे. गावात माझं नाव कशाबद्दल आहे ते मला ठाऊक आहे. आमच्या नदीतल्या एका कॅटफिशने सरावाचे अकरा चेंडू गिळले आणि धरला तेव्हा तो खुळखुळत होता, हे मीच सांगितलं. सत्तावन्न साली मैदानाबाहेर गेलेला एक फटका कोळशाच्या मालगाडीत पडून व्हर्जिनियापर्यंत पोचला, म्हणजे जगातला सगळ्यात लांब फटका आमच्या गावाचा, हेही मीच. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ही गोष्ट एकोणनव्वद सालच्या ऑगस्टमधल्या एका शुक्रवारची आहे आणि हिच्यात मी वरून मीठसुद्धा घातलेलं नाही.

सकाळचे सव्वाआठ झाले असतील. चर्चच्या तळघरात आम्ही बायका दर शुक्रवारी पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, करून विकतो, आणि सारणाचे वीस पौंड बटाटे माझ्या वाटणीला असतात. घरी सिंकशी उभी राहून पाचवा की सहावा सोलत होते, तेवढ्यात मागच्या गॅरेजकडून आवाज आला. धप्. मग थोडी शांतता, माणूस चेंडू उचलून आपल्या जागी जाईल एवढी. मग परत धप्. सुरी माझ्या हातात तशीच थांबली. गेले तीन उन्हाळे हा आवाज माझ्या ओळखीचा होता, भीतीचं काही कारण नव्हतं, पण त्या दिवशी तो पायांतून वर आला, तळघरात कोणीतरी खालून ठोकतंय असा. वेंडल गादीवर चेंडू टाकत होता. आणि त्याने त्या दिवशी चेंडूला हात लावायचा नव्हता.

वेंडल ओडम माझ्या वरच्या खोलीत राहायचा. आमच्या गावात ही रीत आहे, धाकट्या लीगच्या बेसबॉल खेळाडूंना भाड्याच्या घरात राहणं परवडत नाही, म्हणून गावातली घरं त्यांना उन्हाळाभर ठेवून घेतात. ऑटो गेल्यावर मी सुरू केलं. एकूण चौदा जण राहून गेले. वेंडल चौदावा, जॉर्जियाचा, एकतीस वर्षांचा, बदली पिचर. म्हणजे चेंडू टाकणारा पहिला पिचर दमला की उरलेली घाण निस्तरायला ज्याला पाठवतात तो. अकरा वर्षं तो गावोगाव हेच करत आला होता, आणि आमचं गाव म्हणजे शेवटची पायरी. इथून वर एकच जिना, थोरली लीग. तो जिना समोर दिसतो, रोज दिसतो, हाच त्याचा त्रास. माझ्याकडच्या चौदांतले दोन वर गेले. दोघेही तरणे होते. एकतिशीच्या माणसाला कोणी त्याच्या भविष्यासाठी नेत नाही. त्याला नेतात ते वर एखाद्याचं कोपर गेलं, बाकीचे आठवडाभर राबून दमले, आणि उद्याच्या उद्या एक ताजा हात हवा असला तर. वेंडलचं नशीब म्हणजे दुसऱ्याचं कोपर. तो हे स्वतःच सांगायचा, अंडी खाता खाता, पावसाचा अंदाज सांगावा तसा. त्याची बायको लोरीन तिकडे वॅल्डोस्टाला असायची, मुलगी शाळेत जायला लागली होती, लोरीनच्या भावाचं घरांवर छपरं घालायचं काम होतं आणि त्याने वेंडलसाठी जागा धरून ठेवली होती. कबूल असं झालं होतं की लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, वरून बोलावणं आलं तर आलं, नाहीतर चेंडू खाली ठेवायचा आणि घरी यायचं. लेबर डेला दहा दिवस उरले होते.

धप्. सात. मी मोजायला लागले होते, का ते माहीत नाही. ऑटो कारखान्याच्या टीमकडून टाकायचा तेव्हाही मी बाकावर बसून मोजायचे, पोटात माझी मुलगी मार्लीन होती, आणि वीसच्या पुढे गेला की मला मळमळायचं. ऑटो म्हणायचा, तुझी मळमळ बघून मला कळतं आता थांबायचं. त्या दिवशी सकाळी न्याहारीला वेंडलने नेहमीसारखं ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, "मिस वर्ना, तुमच्या ओहायोत मक्याची लापशी करत नाहीत, म्हणून मी मागे राहिलोय."

"लापशी खाऊन कोणी थोरल्या लीगमध्ये गेलेलं नाही."

"न खाऊन मी पण गेलेलो नाही."

मी त्याला टोस्ट वाढला. त्याने तो चार तुकडे करून ठेवला आणि खाल्ला नाही. "काल परत तेच झालं," तो म्हणाला. "ऐकलंत ना तुम्ही?"

"काय ऐकलं?"

"तुमची खुर्ची गोठ्याच्या पाठीलाच. चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत कोण काय पुटपुटलं ते तुम्हाला कळतं, आणि हे नाही ऐकलं?"

"माझा डावा कान अधू झालाय."

"मंगळवारी उजवा होता."

गोठा म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेची जाळीमागची जागा, बदली पिचर तिथे बाकावर बसून असतात. आमच्याकडे तिला बैलांचा गोठाच म्हणतात, आणि बसणारेही तसेच, तास तास रवंथ करत. तिथे भिंतीवर एक फोन. मॅनेजर, बक टॉलिव्हर, पलीकडून फोन करून सांगतो अमक्याला तयार कर. फोन घ्यायला लेस्टर नावाचा म्हातारा असतो. त्याला ऐकायला कमी येतं, म्हणून बकचं प्रत्येक वाक्य तो मोठ्याने परत म्हणतो. मी पुढच्या फाटकावर तिकिटं फाडून झाली की गोठ्यामागच्या पहिल्या खुर्चीवर येऊन बसते, बावीस वर्षं बसतेय. मंगळवारी सहाव्या डावात फोन वाजला, वेंडल अर्धा उठला, आणि लेस्टर ओरडला, "ओडम सोडून कोणीही. बरं." वेंडल परत बसला. बुधवारी तेच. गुरुवारी आम्ही सात धावांनी मागे होतो, पिचर संपत आलेले, एका क्षेत्ररक्षकाला चेंडू टाकायला आणायची वेळ आली, आणि तरीही लेस्टर ओरडला, ओडम सोडून कोणीही. बाकावरची सगळी पोरं बुटांकडे बघायला लागली. वेंडलने टोपी काढली, आत बघितलं, आत काही लिहिलेलं असावं तसं, आणि परत घातली. खेळ संपल्यावर पिचरांच्या शिक्षकाने त्याला एवढंच सांगितलं, उद्या चेंडूला हात लावू नकोस, आराम कर. का, ते सांगितलं नाही.

का ते कोणीच सांगत नसतं. वरच्या क्लबला माणूस हवा असला की ते खाली कळवतात, अमक्याला वापरू नका, राखून ठेवा. मग कागद निघतात, किंवा निघत नाहीत. वरचे लोक सकाळी एक बोलतात, दुपारी दुसऱ्याच गावच्या माणसाला नेतात. म्हणून कागद हातात आल्याशिवाय त्या माणसाला चकार शब्द सांगायचा नाही, हा खालच्यांचा धर्म. मॅनेजर पाळतो, शिक्षक पाळतो, बाकावरचा ज्याला शंका येते तोही पाळतो. आणि वापरला न गेलेला माणूस बसल्या जागी स्वतःला सोलत राहतो.

धप्. एकोणीस. मला हे ठाऊक होतं, कारण त्र्याऐंशी साली त्याच खुर्चीवर बसून मी ऐकलं होतं, "केस्लर सोडून कोणीही." दोन संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी हॉलिस केस्लर विमानात. आणि मला हेही ठाऊक होतं की शहाऐंशी साली मी ऐकलं, "प्रुट सोडून कोणीही." ड्वेन प्रुट माझा अकरावा. हसरा पोरगा, घरात शिरताना चौकटीला हात लावायचा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मी घरी आल्या आल्या त्याला सांगितलं, ड्वेन, तू वर चाललास, मला खूण कळते, केस्लरच्या वेळी असंच झालं होतं. त्याने आईला फोन केला. आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेन स्ट्रीटवर जाऊन त्याने तयार कोट-पँट विकत घेतली, विमानात घालायला. बक त्याला दुपारी भेटला आणि म्हणाला, टीममधून मोकळं केलंय तुला, सामान आवर. त्याला वापरत नव्हते ते त्याची जागा दुसऱ्याला द्यायची होती म्हणून. तो नवा सूट घालूनच परत आला, कारण तो घालूनच गेला होता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला. मी सूप आणलं. त्याने सूटवर सांडू नये म्हणून रुमाल पसरला, नीट, कोपरे जुळवून, आणि सूप प्यायला. तेव्हापासून कानाला खडा. मासे, मालगाड्या, ऑटोच्या चेंडूने कॅचरच्या मिशा पेटल्या, काय वाट्टेल ते सांगेन, पण कोणाच्या वर जाण्याबद्दल, हो किंवा नाही, माझ्या तोंडून निघणार नाही. त्याच शब्दांनी एक वर गेला होता आणि एक घरी. तिसरा कुठे जाणार हे मला कळत होतं असं मी म्हटलं तर ती थाप होईल.

तरी मला कळत होतं. वर्तमानपत्रात बुधवारी चार ओळी होत्या, वरच्या टीममधल्या एकाला कोपराचा त्रास, डॉक्टरांना दाखवणार. मी त्या वाचल्या होत्या आणि वर्तमानपत्र बटाट्यांच्या सालीखाली पसरलं होतं. आता त्या चार ओळींवर ओली साल पडत होती. वेंडल वर्तमानपत्र वाचत नसे, म्हणायचा त्यात नेहमी दुसऱ्यांचंच असतं. धप्. एकतीस. तो एरवी एका दिवशी पंधरा टाकायचा, फार तर वीस. तेवढ्यासाठीच बदली पिचरचा हात असतो. मला खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, शर्ट चिकटलेला. त्याचं काय चाललंय ते मला कळत होतं. त्याचा बाहेर वळणारा चेंडू गेल्या आठवड्यात दोनदा वळला नव्हता, आणि त्याने ठरवलं होतं की त्यांना ते दिसलं, म्हणून तो नकोसा झाला. त्याचा बाप शेंगदाण्याच्या शेतावर मुकादम होता. तो म्हणायचा, काम दिलं नाही तर रुसून बसू नये, जास्त करून दाखवावं. बापाने शिकवलेली चांगली गोष्ट होती, आणि त्या दिवशी तीच त्याला खात होती. छत्तीस. सदतीस. सुरीखालून साल इतकी पातळ निघत होती की त्यातून उजेड दिसावा.

चाळीस झाले तेव्हा मी सुरी ठेवली, हात पुसले आणि मागचं दार उघडून बाहेर गेले.

"वेंडल, पुरे कर."

"आत्ता कुठे हात सुटतोय, मिस वर्ना."

"ती शिक्षा नाहीये. तुला राखून ठेवलाय त्यांनी. वर कोणाचं तरी कोपर गेलंय."

तो कंबरेवर हात ठेवून हसला. "पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगितलंत की तुमच्या नवऱ्याच्या चेंडूने कॅचरच्या मिशा पेटल्या."

"पेटल्याच होत्या."

"मग मी पण वर जाणारच," तो म्हणाला आणि टाकला. एक्केचाळीस. मी आत आले. आयुष्यभर थापा मारल्या की खरं बोलायच्या दिवशी हातात काही शिल्लक राहत नाही, असं मला वाटलं, आणि मी पुढचा बटाटा घेतला. चौऱ्याण्णव झाले तेव्हा आवाज थांबला. मग वर नळ सुटल्याचा आवाज आला.

पावणेबाराला स्वयंपाकघरातला फोन वाजला. बक होता. "वर्ना, ओडम उठलाय का?"

"अंघोळ करतोय."

"त्याला सांग सामान भर. चारचं विमान. बोलावलंय त्याला." मग तो म्हणाला, "आणि आधी काही बोलली नाहीस ना त्याच्याशी? तुझा भरवसा नाही म्हणून विचारतोय."

"मी कशाला बोलेन."

"बरं केलंस. वर सांगितलंय मी, हात एकदम ताजा आहे, चार दिवस चेंडूला शिवू दिलेला नाही. उद्याच उतरवतील त्याला."

फोनची दोरी लांब होती, माझ्या बोटांभोवती तिचे तीन वेढे बसले होते. मी म्हणू शकले असते, बक, एक मिनिट थांब. मी म्हटलं असतं तर चारच्या विमानात दुसरं कोणी बसलं असतं, आमच्याच टीममधला तो बावीस वर्षांचा लाल केसांचा, आणि लेबर डे तसाच आला असता. मी म्हटलं, "हो, ताजाच आहे."

वेंडल ओल्या केसांनी खाली आला. मी सांगितलं. तो जिन्यावर बसला, प्रुट बसला होता त्याच्या एक पायरी वर, आणि बराच वेळ उजवं कोपर डाव्या हातात धरून राहिला, दुसऱ्याचं मूल धरावं तसं. मग विचारलं, "किती टाकले असतील मी?"

"बरेच."

"बकला सांगायला हवं का?"

"काय सांगशील?"

अकरा वर्षं, सतरा गावं, हे दोघांनाही तोंडपाठ होतं. "विमान चारचं म्हणालात?" तो म्हणाला, आणि लोरीनला फोन लावला. मी बटाट्याची पातेली घेऊन बाहेर गेले, म्हणजे त्याला मोकळेपणी रडता येईल. तो रडला नाही. मी दाराला कान लावून ऐकलं, दोन्ही कान चांगले चालतात. तो लोरीनला विमानतळावर कोणती वाट घ्यायची ते सांगत होता, आणि मग थांबून म्हणाला, "अगं, हो, खरंच."

शनिवारी दुपारी मी रेडिओ टेबलावर आणून ठेवला. सातव्या डावात त्याचं नाव घेतलं. सांगणारा म्हणाला, एकतीस वर्षांचा नवा चेहरा, आणि शेजारचा हसला, वाईट हसला नाही. पहिल्या फलंदाजाला चार चेंडू बाहेर, फुकटात पहिल्या बेसवर. दुसऱ्याचा फटका भिंतीवर आपटला. सांगणारा म्हणाला, वेग मोजायच्या यंत्रावर सत्त्याऐंशी दाखवतंय, आम्हाला त्र्याण्णव मैल सांगितलं होतं. मी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले होते. तिसऱ्याने उंच मारला, मागे, मागे, आणि कोणीतरी कुंपणाशी झेलला. बाद. चौथ्याने मारलेला कोणी झेलण्यासारखा नव्हता, मैदानाबाहेरच गेला. तिथला मॅनेजर चालत आला, वेंडलने चेंडू त्याच्या हातात दिला. सतरा चेंडू. एक माणूस बाद, तीन धावा. पाच दिवसांनी दुसऱ्या गावचा पिचर आला आणि वेंडलला परत पाठवला. आमच्या मैदानावर तो गेलाच नाही, सामान घ्यायला घरी आला. जॉर्जियात तो आता छपरं घालतो, मेहुण्याचं काम त्याच्याच नावावर झालंय. नाताळला कार्ड येतं. थोरल्या लीगच्या नोंदींच्या जाड पुस्तकात त्याची एक ओळ आहे, फार थोड्यांची असते, आणि जो एक झेलबाद झाला तो कायमचा बाद आहे, त्याला कोणी परत नाबाद करू शकत नाही. हे मी लोकांना आवर्जून सांगते.

आता एक सांगते. मी सुरी ठेवून बाहेर गेले, ते मी वरून घातलेलं आहे. मी सिंकशीच होते. चाळीस मोजले, पन्नास मोजले, चौऱ्याण्णवपर्यंत मोजले, आणि त्या दिवशीचे बटाटे बायकांनी वाखाणले, किती पातळ सोललेत म्हणून. कित्येक वर्षं मी ही गोष्ट सांगताना वेंडलला हसायला लावते आणि सगळं माझ्या थापांवर ढकलते, कारण ते लोकांना लगेच पटतं, मलाही पटत आलंय. पण त्या पोराने माझ्या एकाही गोष्टीवर कधी शंका घेतली नव्हती. कॅचरच्या मिशा त्याने मुलीला पत्रात लिहून पाठवल्या होत्या, खाली लिहिलं होतं, मिस वर्नांनी स्वतः बघितलंय. मी पुरे म्हटलं असतं तर त्याने तिथल्या तिथे चेंडू खाली ठेवला असता. त्याचीच मला भीती होती. विश्वास ठेवला असता, लोरीनला फोन केला असता, आणि बकने दुपारी सामान आवरायला सांगितलं असतं तर जिन्यावर सूप घेऊन मलाच जायचं होतं.

सामान घ्यायला आला तेव्हा तो गाडीत बसून काच खाली करून म्हणाला, "कोणी नुसता एक शब्द टाकला असता ना, मिस वर्ना, तर त्या सकाळी मी झोपून राहिलो असतो."

मी म्हटलं, "बकने बोलायला हवं होतं."

"हो ना," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.